बहीण पब्लिकमध्ये जाते

नळदुर्गच्या डाकबंगल्यावर कुठलाही मोठा साहेब उतरला की चहाबरोबर त्याच्या पुढ्यात एक प्रश्न यायचाच. कपबशी टेबलावर ठेवायची, जरा मागं सरायचं, कमरेचा पट्टा सारखा करायचा आणि विचारायचं, "साहेब, आमच्या बायकापोरांना सरकारी खर्चानं दवा मिळती. पब्लिकला कधी मिळायची?" विचारणारा वीरभद्र, बंगल्यावरचा चपराशी. नवा साहेब असला तर हसायचा, जुना असला तर म्हणायचा, "आला बघा याचा प्रश्न." एकानं त्याला समजावूनही सांगितलं, की बाबा, सगळ्यांना द्यायचं तर तेवढे डॉक्टर कुठून आणायचे, तेवढी औषधं कुठून आणायची, आणि तुला मिळतंय ना, मग तुला कशाला नसती उठाठेव? वीरभद्र 'व्हय जी' म्हणून रिकामी कपबशी घेऊन गेला. पुढच्या खेपेला दुसरा साहेब आला, आणि चहाबरोबर प्रश्न पुन्हा हजर.

गावात लोक त्याला चक्रम म्हणायचे. म्हणोत बापडे. माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतो, हे विचारायला फुरसत कुणाला असते?

तसा वीरभद्र चारचौघांसारखाच माणूस. निजामाच्या राजवटीत याच बंगल्यावर झाडू मारायला लागला आणि तिथंच चिकटला. मग हैदराबाद संस्थान गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढं महाराष्ट्र झाला. दर वेळी त्याच्या बिल्ल्यावरची अक्षरं बदलली, काम काही बदललं नाही. घरी बायको लक्ष्मम्मा, दोन मुली आणि थोरली बहीण गंगम्मा. ही गंगम्मा म्हणजे त्याची आईच म्हणा. वीरभद्र रांगायच्या आतच आई गेली, आणि अक्कानं त्याला कडेवर वाढवला. ती सास्तूरला नांदायला गेली, नवरा पटकीत गेला, आणि कुंकू पुसून, कपाळाला विभूती लावून ती पुन्हा भावाच्या दारात आली. लक्ष्मम्मानंही तिला कधी परकी मानलं नाही. नणंद-भावजय एकाच ताटात जेवायच्या, यावर आणखी काय सांगायचं?

त्या अक्काच्या पोटात गोळा झाला. आधी तिनं कुणाला कळू दिलं नाही. ओवा खाल्ला, हिंगाचं पाणी प्याली. मग एक दिवस जात्यावरच आडवी पडली. गावातल्या डॉक्टरनं पोट चाचपलं आणि म्हणाला, सोलापूरला न्या, पोट उघडावं लागंल, उशीर करू नका.

सोलापूरला एका मोठ्या दवाखान्यात सरकारी नोकरांच्या घरच्यांसाठी खाटा राखून ठेवलेल्या होत्या. तिथं औषध, इंजेक्शन, लागलंच तर रक्त, सगळं सरकारच्या खर्चानं. बाकीच्यांनी मात्र सगळं बाहेरून विकत आणायचं आणि खाट रिकामी होईपर्यंत व्हरांड्यात पडून राहायचं. वीरभद्र कचेरीत बाबूराव कारकुनाकडं गेला. बाबूराव माणूस वाईट नव्हता, पण नियम त्याच्या जिभेवर असायचे.

"बायको, मुलं, आईबाप," तो म्हणाला. "बहीण बसत नाही."

"पर ती माझ्याच घरात राहती, माझंच खाती."

"राहू दे की. नियमानं बहीण पब्लिकमध्ये जाते."

वीरभद्र तिथंच उभा राहिला. ज्या बाईनं त्याला भरवलं ती पब्लिक, आणि तो सरकार? बाबूरावनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि हळूच विचारलं, "तुझ्या मंडळींची तब्येत बरी आहे ना?" वीरभद्राला उमगायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "न्हाय. लक्ष्मम्माच्या पोटात गोळा झालाय."

अशी लक्ष्मम्माच्या नावानं दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. आता अक्काला लक्ष्मम्मा करायचं होतं.

लक्ष्मम्मानं आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. सवाष्णीचा गळा मोकळा राहू नये म्हणून तिनं आधीच दोऱ्यात हळकुंड बांधून ठेवलं होतं, ते स्वतःच्या गळ्यात घातलं आणि मंगळसूत्र नणंदेच्या गळ्यात बांधलं. अक्काच्या कपाळावरची विभूती पुसून तिनं कुंकू लावलं. अक्का भिंतीकडं तोंड करून बसली.

"वीरू, हे पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या," वीरभद्र म्हणाला. "तू फकस्त बरी हो."

दवाखान्यात खाट लगेच मिळाली. पांढरी चादर, लोखंडी पलंग, वेळेवर औषध. वीरभद्राला वाटलं, जिंकलं. पण तिसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या लीला सिस्टरनं त्याला व्हरांड्याच्या कोपऱ्यात बोलावलं. बाई उमरग्याकडची, केस पिकलेली, आवाज दबका.

"ही तुमची कोण?"

"बायको."

"मी तिला धन्याचं नाव विचारलं. आमच्या भागातली बाई लाजेल, शेजारणीला सांगायला लावेल, नाहीतर मुलीचा बाप म्हणेल. हिनं पटकन सांगितलं, वीरभद्र. वर मला विचारते, 'वीरूनं काय खाल्लं का, त्यो उपाशी राहतो.' नवऱ्याला अरेतुरे करणारी बाई मी तरी अजून पाहिली नाही."

वीरभद्राला पुढचं सगळं दिसलं. नोकरी जाईल, आणि त्याआधी अक्का खाटेवरून खाली येईल.

"मी बोलणार नाही," सिस्टर म्हणाली. "पण ऑपरेशनच्या आधी मोठे डॉक्टर फिरतात, बरोबर कारकून असतो. तिला सांभाळून बोलायला शिकवा."

भेटायच्या वेळेला वीरभद्र अक्काच्या उशाशी बसला. कसं सांगावं कळेना. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "अक्का, इथं मला वीरू म्हणू नको. नाव घिऊच नको. अवं म्हण."

अक्का बघतच राहिली. "आपल्याला आत्या न्हवती. पाळण्यात तुझ्या कानात नाव म्या सांगितलं. अन् त्येच घ्यायचं न्हाय?"

"बरी होऊन घरी चल. मग दिवसभर घे."

तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणून बघितलं, "अवं." तिचं तिलाच हसू आलं, पोट धरून हसली, दुखलं म्हणून थांबली. वीरभद्रही हसला. लहानपणापासून सांगितलेलं ऐकायची तिची सवय होती. बापाचं ऐकलं, सासऱ्याचं ऐकलं, आता भावाचं ऐकलं. त्यानंतर एकदाही तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं नाही. कारकुनानं विचारलं तेव्हा अशी काही लाजली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनंच नाव सांगितलं.

ऑपरेशन झालं. गोळा निघाला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. वीरभद्रानं जाणाऱ्याबरोबर गावाकडं निरोप धाडला, अक्का वाचली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. भेटायची वेळ संपली की बायकांच्या वॉर्डाचं दार बंद व्हायचं आणि पुरुष माणसं बाहेरच्या लिंबाखाली अंग टाकायची. वीरभद्रही पटका उशाला घेऊन पडला होता. कित्येक दिवसांनी जीव हलका झाला होता, डोळा लागत होता. खिडकीतून बाईचा आवाज आला, बारीक, कोरड्या घशातला.

"अवं."

वीरभद्रानं ऐकलं. कुणाची तरी मंडळी नवऱ्याला बोलावतीय.

"अवं, ऐका की."

त्यानं कोपरावर उठून शेजारच्या बार्शीच्या पाहुण्याला हलवलं. "पावणं, तुमच्या घरातनं हाक मारत्यात वाटतं."

पाहुण्यानं कान दिला. "आमची न्हाय."

"कुणाची हाय की बिचारी," वीरभद्र म्हणाला आणि कूस बदलली. आणखी एकदा 'अवं' आलं. मग आलं नाही.

दार उघडल्यावर लीला सिस्टर बाहेर आली ती पदराला डोळे पुसतच. आतल्या आत रक्त वाहून अक्का गेली होती. त्या वेळी सिस्टर वरच्या वॉर्डात होती, इथल्या बाया झोपल्या होत्या. एकीनं तेवढं ऐकलं होतं. ती म्हणाली, "धन्याला हाक मारत होती, मला वाटलं येईल." एकदा, एकदाच अक्कानं 'वीरू' म्हटलं असतं, तर तो दार फोडून आत गेला असता.

अक्काला त्याच्या ताब्यात दिलं ते नवरा म्हणून. कागदावर लक्ष्मम्मा वारली. घरी आल्यावर त्यानं मंगळसूत्र लक्ष्मम्माच्या हातावर ठेवलं. तिनं ते देवापाशी ठेवलं, गळ्यात हळकुंडच राहू दिलं. पुढं बाबूरावनं कचेरीच्या यादीतलं लक्ष्मम्माचं नाव कमी केलं. करणार काय, मेलेल्या माणसाला दवा कशी द्यायची?

"आता हिला काय झालं तर?" वीरभद्रानं विचारलं.

बाबूराव खाली बघत म्हणाला, "आता तीही पब्लिक."

तेव्हापासून तो साहेबांना विचारतो. लोक हसतात. आणखी एका गोष्टीला हसतात. संध्याकाळी गल्लीत बायका दिवा लावतात, स्वयंपाकाला लागतात, कुणी आपल्या नवऱ्याला आतून हाक मारते, "अवं." ज्याची त्याची बायको, ज्याचा त्याचा नवरा. पण कट्ट्यावर बसलेला वीरभद्र दर वेळी उठून उभा राहतो, आणि म्हणतो, "आलो."