विचारल्याशिवाय पुढं न जाणारे

आमच्या ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांसारखा, पत्ता बदलला की जागच्या जागी थांबणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा निघाला, तर मी मिसळ सोडेन! आम्ही ब्राउझर बनवतो. त्यातला नेटवर्कचा कोड यांच्याकडे. एखादी वेबसाइट मागायला गेलं की कधीकधी सर्व्हर म्हणतो, ‘ते इथं नाही, तिकडं जा.’ सगळी दुनिया गुमान तिकडं जाते. यांचा कोड जात नाही. तो थांबतो, ज्यानं विनंती पाठवली त्याला निरोप धाडतो, ‘जाऊ का?’ आणि उत्तर येईस्तोवर इतर कामं उरकत राहतो. एकदा मी हे विचारणंच काढून टाकलं, तर हातातला चहा हिंदकळवत ते ओरडले, “अरं, ज्यानं धाडलं त्याला इचारलंस का? लॉगिनची खूण घिऊन परक्याच्या दारात गेलास की!” पुढे आठवडाभर माझ्याकडे ते दरोडेखोराकडे पाहावं तसे पाहत होते.

बरं, हे कोडापुरतं असतं तर चाललं असतं. गावाकडून, कुरुंदवाडहून, येता येता हुपरीच्या चांदी-कारागिराकडून माझ्या बायकोचे पैंजण आणा, असं मी त्यांना सांगितलं होतं. कारागिराच्या दारात शेजारीण म्हणाली, “पैंजण त्येच्या भावाच्या घरी हाईत, मागच्या गल्लीत.” झालं! यांनी मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये, फोन बंद. मीटिंग सुटल्यावर फोन केला, तर स्वारी तिथेच, कारागिराच्या म्हाताऱ्या वडलांशेजारी मांडी घालून घुंगरं ओवत बसलेली!

“अहो, मागची गल्ली तर होती!” मी किंचाळलोच.

“तू ह्या घरी धाडलंतास. त्या घरी जा म्हणून कुठं सांगितलंतास?”



गेल्या महिन्यात मात्र साहेबांनी त्यांनाच सांगितलं, “तुमचं काम आता इथं नाही, बेंगळुरूला जा. सोमवारी कळवा, नाहीतर नोकरी राहणार नाही.” हे शांतपणे म्हणाले, “आईला इचारून सांगतो.” आम्ही सगळे चाटच पडलो. त्यांना शिकायला, मग नोकरीला आईनंच कोल्हापूरला धाडलं होतं, हे खरं. पण गेलं वर्षभर ती माउली कुणालाच ओळखत नाही, पोटच्या पोरालाही नाही. तिला काय विचारणार?

सोमवारी आले. आल्या आल्या टेबल आवरायला लागले.

“बेंगळुरू?”

“न्हाई. राजीनामा दिला.”

“काय सांगता! आई बोलल्या?”

“बोलली की. म्हटलं, आई, मी लांब जाऊ का? माझ्याकडं बघितलं बराच वेळ. मग म्हणाली, ‘पावणं, जेवल्याबगर जाऊ नगा.’” ते हसले. “जाऊ नगा म्हणाली. मग कसं जायचं, सांग?”

अहो, ती पाहुण्याला म्हणाली, तुम्हाला नाही, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! त्यांचा चहाचा कप मी कागदात गुंडाळला आणि त्यांच्या पिशवीत ठेवला.