आभार प्रतिभाअक्का मानतील

प्रतिभाअक्का रागावलेली नसली की समजायचं, तिला बरं नाही, असं आमच्या उज्जैनच्या माधव नगरात म्हणतात. मला ते पटत नाही, कारण गेल्या हिवाळ्यात मी तिला तापात पाहिलंय आणि तापातही ती रागावलेलीच होती. शेजारच्या वहिनींनी तिच्या उशाखाली कसलीशी पुडी सरकवली होती. ताप उतरल्यावर तो पुडीनेच उतरला, असं त्या सांगायला आल्या. "मग पॅरासिटॅमॉल काय मी हौसेने गिळत होते?" अक्का अंथरुणातूनच ओरडली. वहिनी परत आल्या नाहीत. मी मनातून खूश झाले. तोंड मलाही आवरत नाही, पण अक्काइतकी माझी हिंमत नाही.

अक्काची सगळी नोकरी एका विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, सुहासला, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहिली. कुणी काही ठासून सांगितलं की ती विचारते, "तू पाहिलंस का? की ऐकलंस?" एवढ्याशा प्रश्नाने लोकांचा इतका अपमान होतो, की अर्धी कॉलनी तिला टाळते.

लोकांना वाटतं, ही बाई राम घाटावरच्या गुरुजींशी भांडत असणार. मुळीच नाही. गुरुजींशी तिचं छान जमतं. "ते वडिलांचं श्राद्ध करतात, मला ब्लडप्रेशरचं औषध नाही लिहून देत," असं ती म्हणते. ऑटोवाल्यालाही ती हसतच विचारते, "भैया, निंबू-मिर्ची तो ताज़ा है, ब्रेक कब का है?" तिचा खरा राग शिकलेल्यांवर. डिग्री भिंतीवर टांगायची आणि डोकं खुंटीला, हे तिला सहन होत नाही. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक मोबाइल नंबरातल्या आकड्यांची बेरीज शुभ यावी म्हणून तीनदा नंबर बदलून बसले. "यांनी मुलांना गणित शिकवलं!" म्हणून अक्का दोन दिवस धुमसत होती. तिच्यासोबत मीही.

आता मंडळाचं सांगते. आमच्या मराठी मंडळाची दर हिवाळ्यात तीन दिवसांची व्याख्यानमाला असते. वक्ता हॉटेलात उतरत नाही, कुणाच्या तरी घरी उतरतो, ही जुनी पद्धत. माझे यजमान रमेश मंडळाचे सचिव, त्यामुळे बहुतेक वेळा तो मान, म्हणजे पोहे, पाणी, गरम टॉवेल, माझ्याकडे. शेवटच्या दिवशी आभार नेहमी अक्का मानते. तिचा आवाज खणखणीत आणि ती कुणाचं नाव विसरत नाही.

यंदा यज्ञेश्वर सर आले होते, आमच्याकडेच उतरले होते. मूळचे उज्जैनचेच, नंतर मोठमोठी धरणं बांधून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. "आपला माणूस!" असं जो तो म्हणत होता. परमुलखात पिढ्या काढलेल्या आम्हा लोकांना हे दोन शब्द ऐकले की बाकी काही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी सर धरणांवर फार सुंदर बोलले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मग शेवटी त्यांची गाडी शरीराकडे वळली. पाणी अडलं की भिंतीवर ताण येतो, तसा मेंदूतला प्रवाह अडला की फीट येते, म्हणाले. गोळ्यांनी प्रवाह आणखी अडतो. पलंगाची दिशा बदला, पहाटे गरम पाणी प्या, प्रवाह मोकळा होतो. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली अक्का मोठ्याने म्हणाली, "मेंदू म्हणजे धरण आहे, हे कुणी ठरवलं?" पुढच्या रांगेतून दोघांनी मागे वळून "शुक्" केलं.

मागे सुहास बसला होता, हे आमच्या लक्षात आलं नाही.

सुहासची मुलगी ईरा बारावीत आहे. लहानपणापासून तिला फीट यायची. इंदूरच्या मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या नियमित सुरू झाल्यापासून फीट थांबली होती. पोर स्कूटी शिकली, पुढच्या वर्षी पुण्याला होस्टेलवर राहायचं म्हणून कपाट आवरू लागली. त्या संध्याकाळी चहाच्या वेळी सुहास सरांच्या पायाशी जाऊन बसला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "गोळ्या आजपासून बंद. पलंग फिरव." सुहासने घरी जाऊन पलंग फिरवला आणि गोळ्या कचऱ्यात टाकल्या. वरच्या मजल्यावर अक्काला पलंग सरकवल्याचा आवाज आला होता. तिला वाटलं, साफसफाई चालू आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ईरा गॅसवरून दूध उतरवत असताना तिला फीट आली. उकळतं दूध हातावर सांडलं. डोकं ओट्याच्या कडेला लागता लागता वाचलं. अक्का धावत खाली आली, तेव्हा कुठे तिला गोळ्यांचं कळलं. तिने इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावून सुहासच्या कानाला धरला. गोळी ताबडतोब सुरू करा, अशी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, असं ते सांगत होते. सुहासने फोन ठेवला आणि म्हणाला, "अक्का, त्यांना दुकान चालवायचंय. सर म्हणालेच होते, सुरुवातीला त्रास होणार. ये तो ज़हर निकल रहा है. चांगलं लक्षण आहे."

फीट नाही आली तर सर बरोबर. फीट आली तरी सर बरोबर. अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

मी सरांना पोहे वाढत होते, तेवढ्यात अक्का दारातून आत आली. पायात चपला तशाच. सर उठून नमस्कार करू लागले. अक्काची नजर टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डबीवर गेली. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली, गोळ्या ठेवायची डबी.

"हे काय?" तिने विचारलं.

"माझी औषधं. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकले ना." सर म्हणाले. "म्हणून तर वहिनींना म्हटलं, मीठ जरा कमी घाला."

"हृदयाचं पलंग फिरवून भागत नाही वाटतं?"

सरांचा चमचा थांबला. अक्काने ईराचं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, आणि तिचा खालचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. सर गडबडले, पण सावरले. "ताई, माझ्या पद्धतीने कित्येकांना गुण आलाय. मला फोन येतात."

"गुण आलेले फोन करतात. न आलेले कशाला करतील? मी जन्मभर दावे तपासले, सर. जो मेला, तो स्वतः सांगायला येत नाही."

"मी कुणावर जबरदस्ती केली नाही."

"जबरदस्ती कशाला लागतेय? तुमचं नाव पुरलं." अक्का खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "तुमच्या धरणाला तडा गेला असता, तर तुम्ही भिंत दाखवायला हृदयाच्या डॉक्टरकडे गेला असता? मग माझ्या पोरीच्या मेंदूत तुम्ही कशाला हात घातलात?"

रमेश मधे पडले, "अक्का, पाहुणे आहेत आपले." तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"संध्याकाळी आभार मला मानायचेत," ती सरांना म्हणाली. "माझ्या हातून सुहास पोरीला गोळी घेऊ देणार नाही, म्हणून त्याला आत्ता बोलावते. गोळ्या सुरू कर, असं तुम्ही त्याला तुमच्या तोंडाने सांगा. नाही सांगितलंत, तर मी माइकवरून तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचे आभार मानीन. आणि ही डबी हॉलला दाखवीन."

सुहास आला. सरांनी पंच्याने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि धरणावर बोलायच्याच आवाजात म्हणाले, "हे बघ सुहास, मी रात्री विचार केला. ईराची प्रकृती नाजूक आहे. अशा प्रकृतीत माझ्या पद्धतीसोबत गोळ्याही चालू ठेवायच्या असतात. डॉक्टर सांगतील तोपर्यंत. समजलं?"

सुहासचे डोळे भरून आले. तो वाकून सरांच्या पाया पडला. "बघितलंस अक्का? सर किती बारीक विचार करतात!" आणि धावत मेडिकलमध्ये गेला. मी खिडकीतून पाहिलं. डॉक्टरांनी जिवाचं सांगितलं तेव्हा जागचा न हललेला माणूस अक्षरशः धावत होता. मला तिथेच पोह्यांची कढई आपटावीशी वाटली.

सरांनी एकही चूक कबूल केली नाही, तसं त्यांना कुणी करायलाही लावलं नाही. दुपारपर्यंत कॉलनीभर झालं, की ईराची केस सरांनी हातात घेतली आहे.

संध्याकाळी हॉल भरला होता. सरांचं शेवटचं भाषण झालं आणि रमेशनी पुकारलं, "आभार प्रतिभाअक्का मानतील." अक्का उठली. तिने मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, चहावालीचे, हारवाल्याचे नाव घेऊन आभार मानले. सरांचेही मानले, ठरल्याप्रमाणे, एका वाक्यात. टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षीही सरांनाच बोलवावं, असं कुणीतरी जागेवरूनच सुचवलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. अक्का खाली येऊन माझ्याशेजारी बसली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"पोरीला गोळी मिळाली," ती दात आवळून म्हणाली, "पण कुणामुळे मिळाली बघ, जयू. त्याच माणसामुळे. मी त्याचीच गादी पक्की करून आले ग."

हॉल रिकामा होत होता. हाताला पट्टी बांधलेली ईरा आमच्याकडे आली आणि अक्काला टेकून बसली.

"गोळी घेतलीस?"

"घेतली. आत्या, पण उद्या सरांनी परत बंद करा म्हटलं तर?"

"तर बापाला विचारायचं. कशावरून म्हणून. कुणी पाहिलं म्हणून. घाबरायचं नाही."

"विचारलं होतं," ईरा म्हणाली. "परवा, गोळ्या टाकल्या तेव्हाच. बाबा म्हणाले, हा शंका काढायचा रोग तुला आत्याकडून लागलाय, त्याच्यावरही सरांना काही उपाय विचारतो."