गादी मावेल अशी गाडी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ह्यांना सांगितलं नाही, लेकींना नाही. अक्कलकोटला स्वामींपुढं हात जोडले तेव्हासुद्धा दुसरंच काहीबाही मागत बसले. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच बोलवतंय बघा.

सत्तरनंतरची सालं. सोलापुरात आमचं चादरींचं दुकान बरं चालायला लागलं होतं आणि ह्यांनी जुनी मोटार घ्यायची ठरवली. घरात आम्ही दोघं, दोन लेकी, आणि वन्सं — ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या तरुणपणी माळवदावरून पडल्या, पाठ गेली. बसता यायचं नाही, सदा पडून. त्यांचं न्हाणं, खाणं, कूस बदलणं माझ्याकडं. लग्न होऊन आले ती त्या खोलीच्या उंबऱ्यालाच बांधले गेले. दावं दिसायचं नाही एवढंच.

सात रस्त्याजवळ दलालाकडं तीन गाड्या होत्या. एक नेहमीची, डिकीवाली. एक चिमुकली, कुणी परदेशातून आणलेली, मागचं अख्खं दार वर उघडायचं. सुटे भाग मिळायचे नाहीत म्हणून ती बादच झाली. आणि तिसरी — लांबडी, स्टेशन वॅगन. मागची सीट पाडली की सपाट. ह्यांनी घरी येऊन वन्संची गादी सुतळीनं मोजली, परत जाऊन गाडी मोजली आणि हसतच आले.

"आक्का, झोपून अक्कलकोट! आता न्हाय म्हणू नगंस."

"मोटार हाय का बाजलं रं?" म्हणाल्या वन्सं. पण कुठलं लुगडं नेसायचं ते त्याच संध्याकाळी ठरवून मोकळ्या!

आणि मला काय दिसलं? मागं त्यांच्या उशाशी बसलेली मी. घरात तेच, रस्त्यावरही तेच. डिकीवाली आली तर — वन्सं घरीच, त्यांच्याजवळ शेजारीण बसेल, आणि मी दोन-चार तास पुढच्या सीटवर, वाऱ्याला तोंड करून. एवढ्यासाठी? व्हय, एवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाजारात कळलं, त्या लांब गाडीतनं मढं नेलं होतं. कुणी सांगितलं? कुणीच नाही. पण असली वस्तू आमच्या दारात यायची नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हे तरी म्हणाले, धुऊन, पूजा करून घेऊ की. शेवटी वन्संच म्हणाल्या, "नगं रं. पोरी बसणार तुझ्या. माझ्यापायी अशुभ नगं."

डिकीवाली आली. आम्ही लई फिरलो.

वर्षभरानं मोडनिंबचे एक गिऱ्हाईक घरी आले. हे पान आणायला बाहेर गेलेले. मी चहा दिला, तर गडी लागला गाडीचं कौतुक सांगायला — ती लांब गाडी त्यांनीच घेतलेली! लई गुणाची, पहिल्यापासून एका डॉक्टरीणबाईंकडं होती, त्यांच्या पोरांशिवाय कुणी बसलं नाही तिच्यात. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

पाहुणे गेल्यावर कूस बदलायला आत गेले. वन्संनी माझ्याकडं पाहिलं — खूप वेळ. मग म्हणाल्या, "पाय जरा सरळ कर गं माझा." बस्स. भावाला त्या कधी बोलल्या नाहीत. पुढं कितीतरी वर्षांनी गेल्या, त्याच खोलीत.

किती मोठं मन, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. जिच्या हातून पाणी प्यायचं, जिनं वळवलं तरच वळायचं, तिला जाब कसा विचारायचा? त्यांनी मला माफ केलं नव्हतं. त्या मला भ्यायल्या होत्या. हे मला त्याच दिवशी कळलं, पाय सरळ करतानाच.

आणि ते मला सोयीचं वाटलं.