हरळी उपटण्यात गेलेली तीन वर्षे

मुलांनो, घरामागच्या हिरवळीवर तुम्ही दर आठवड्याला यंत्र फिरवता, औषध मारता, तरी ती पिवळीच पडते, ही तक्रार परवा फोनवर ऐकली. माझा जुना संताप पुन्हा वर आला, म्हणून आज लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकात मी गंगाखेडला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. इंग्रजी पुस्तकांत वाचलेले लॉन शाळेपुढे हवे, हा हट्ट माझाच. परभणीहून मऊ, परदेशी गवत आणले. महिनाभर बरे दिसले, मग त्यातून हरळी वर आली. शिपायाला मी रोज खुरपे देऊन बसवी. मुळाचा एक तुकडा राहिला की आठ दिवसांत पुन्हा हरळी. अशी तीन वर्षे. गणपतीत मात्र दुर्वांची जुडी बाजारातून विकत आणी. दुर्वा म्हणजे तीच हरळी, हे माहीत होते. सुचले नाही, एवढेच.

एकदा रस्त्याने मेंढ्या नेणारी बाई फाटकाशी थांबली.

"बाई, काय करायलाव?"

"हरळी काढतेय."

"आमच्या पिढ्या गेल्या वावरातली काढू काढू. ती मरत न्हाई, तुमी मरताल." शिपाई तोंड फिरवून हसला. ती पुढे म्हणाली, "मेंढ्या सोडू का आत? गवत बी खातील, वरून लेंडीखत."

मी फाटक लावून घेतले.

त्याच वर्षी मार्चमध्ये काळ्या जमिनीला भेगा पडल्या. नळीचे पाणी भेगांत जाई आणि गवत कोरडेच राही. शाळेचा हौद दुपारीच तळाला जाऊ लागला. एके दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतल्या तीन मुली लॉनच्या नळीला तोंड लावून पाणी पिताना दिसल्या. वर्गातले माठ रिकामे होते. मी नळी बंद केली. स्वतःचा इतका राग आला की पुढचा तास घेता आला नाही.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात शाळा पाहायला पाहुणे येतील, तोवर तरी लॉन टिकवा."

"पाणी मुलींना लागतं, साहेब."

"मग शाळेची शोभा?"

मी नळी गुंडाळून कोठीत ठेवली. परदेशी गवत दोन आठवड्यांत जळाले.

पावसाळ्यात तिथे हरळीच पसरली, तेव्हा मीच त्या मेंढ्यांच्या बाईला निरोप धाडला. "आता बोलावलाव व्हय!" म्हणत तिने मेंढ्या आत घातल्या. त्यानंतर माठ धुतलेले पाणी सोडून त्या गवताला आम्ही पाणी दिले नाही.

शाळा आता गावाबाहेर गेली आहे. जुन्या पटांगणात हरळी अजून आहे.