पोश्या कोण होता

दाभोशाची बाळीमावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. तिला जव्हारजवळच्या वावर गावात दिली होती. तिथं तिचा तान्हा मुलगा कुपोषणानं गेला. पौषात जन्मला म्हणून त्याचं नाव पोश्या. त्याचा ना फोटो, ना दाखला. पुढं मावशी जव्हारला प्रेमलाकाकूंच्या घरी कामाला राहिली आणि त्यांच्या अवंतीला झोपवताना पोश्याचीच अंगाई म्हणू लागली : "नीज रं पोश्या, वारा आला, भात हलवून निघून गेला." जरा मोठी झाल्यावर अवंतीनं विचारलं, "मावशी, पोश्या कोण?" मावशीनं तिला सगळं सांगितलं. दोघी रडल्या.

अवंती आता मेलबर्नला असते. परदेशात राहणाऱ्या आशियाई लोकांवर तिथल्या रेडिओवर एक मालिका चालू आहे. त्यातला एक भाग अंगाईंवर होणार होता. अवंतीनं फोन केला, "मावशी, तुझं गाणं हवंय. तुझ्याच आवाजात."

"देते. पन पोश्या कोन व्हता, ते सांगशील?"

"सांगीन ना! तुझी शप्पथ."

मावशी माझ्या मोबाइलवर गायली. मागचा खरखराट काढून मी ते पाठवलं. मग मावशीनं भेटेल त्याला सांगितलं. मोखाड्याच्या बाजारात भाजीवाली तिला म्हणाली, "आता इमानात बसशील गं, आमाला वळखशील का?"

"मी नाय जात," मावशी म्हणाली. "माझा पोर जातोय."

भाग आला तेव्हा ती पदर सावरून मोबाइलसमोर बसली. आधी इंग्रजी बोलणं, मग तिचा आवाज, मग अवंती. अवंतीच्या तोंडून 'पोश्या' ऐकताच मावशीनं माझा हात धरला. "काय बोलली?"

मला खोटं सुचलं नाही. "म्हणाली, ही माझी आजी गातेय. पोश्या म्हणजे पौषातला चंद्र. आमच्याकडे बाळांना त्याच्या नावानं झोपवतात."

"परत लाव."

परत लावलं. परत चंद्रच आला.

संध्याकाळी अवंतीचाच फोन. "मावशी, ऐकलंस? इथं सगळ्यांना किती आवडलं!"

"पोश्या कोन गं?"

"अगं, गेलेल्या बाळाचं ऐकून लोकांना कसंतरी झालं असतं. आणि कामवाली म्हटलं असतं तर पुढचं सगळं विचारत बसले असते."

"दुसऱ्या कोनी चांद म्हनला असता तर मी हसली असती. तुला ठावं व्हतं."

"तू मला आजीसारखीच आहेस गं..."

"आजी नको करू मला. मी आई व्हती त्याची. माझा आवाज काढ तिथून."

"आता नाही निघत. सगळीकडे गेलाय."

मावशीनं फोन माझ्या हातात दिला. तिकडून अवंती "मावशी, मावशी" करत होती.

तेवढ्यात माझी वहिनी गौरा रडकं पोर घेऊन दारात आली. "मावशी, जरा निजवा की याला."

मावशीनं पोर खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. ते झोपेपर्यंत तिनं तोंडातून अंगाईचा शब्द काढला नाही.