लेकीच्या गावाचा नकाशा

सारी नोकरी मी अकोल्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. न बघता फळ्यावर भारत काढायचो, त्याचा भारी तोरा होता मला. घरात लेकीशी बोलायचं काम मात्र बायकोचं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. लेक कामानिमित्त पार मेक्सिकोत, माया लोकांच्या एका लहानशा गावात. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. पहिले काही रविवार आम्ही दोघं नुसते फोन धरून गप्प बसलो. असंच चाललं तर एक दिवस हा फोनही बंद पडेल, या भीतीनं माझा जीव अर्धा व्हायचा. मग मला जे येत होतं तेच केलं. विचारलं, गावाची नदी कोणती?

नदीच नाही म्हणाली. सगळा चुनखडक, पाणी जमिनीच्या पोटात. खडक खचून जिथं डोह उघडा पडला, तिथं जुनी वस्ती. माती लाल आणि वीतभरसुद्धा नाही. आपली काळी पाहिलेल्या माणसानं तिथं काय पेरावं! तरी मका होतो. पूर्वी दोरखंडांसाठी घायपात लावायचे. मळेवाले माजले आणि माया मजूर राबून राबून मेले. स्पॅनिशांनी देऊळ पाडलं, त्याच दगडांचं चर्च बांधलं. शाळेत स्पॅनिश, घरात अजून माया बोलीच. आपल्यासारखंच की, म्हटलं.

रविवारी एक उत्तर मिळायचं, आणि उरलेला आठवडा मी ड्रॉइंगपेपर पसरून एकटा बसायचो. घरात दुसरं माणूस नाही, मग कागदाशीच बोलायचो. तिनं दिशा चुकीची सांगितली की फोनवर टोकायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

परवा नकाशा पुरा झाला. चौक, चर्च, डोह, मक्याची शेतं. फोटो पाठवला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

"सारं बरोबर हाये बाबा," ती म्हणाली. "पण माहं घर कुठं हाये यात?"

मी चष्मा पुसला, कागदावर बोट फिरवलं. घर कोणत्या गल्लीत, मला ठाऊकच नव्हतं. तू सांगितलंच नाही, म्हणालो.

"तुमी इचारलंच नाई."

लाज वाटली. मग विचारलं. दार कोणीकडे, खोल्या किती, सोबत कोण राहतं?

"कोणीच नाई बाबा. तुमच्यासारखंच."