पिवळ्या शर्टावरचा स्वेटर

पुलाचा चढ लागला तेव्हा इस्त्रीमावशींनी स्वेटरचं गळ्याजवळचं बटणही लावून टाकलं. ऊन चांगलंच तापलं होतं. पुढेमागे शेकडो माणसं टोप्यांनी वारा घेत चालली होती, आणि ही बाई लोकरीत. कानामागून घामाची धार लागलेली.

"मावशी, काढा तो. चक्कर येईल."

"येऊ दे. पडले तर उचलून नेतील, बोलण्यातून तरी सुटका होईल."

स्वेटरच्या आत पिवळा शर्ट होता. मोर्च्यात आम्हा बाकीच्यांना पांढरे शर्ट दिले होते. पिवळे फक्त निवाऱ्यात राहणाऱ्या बायकांना, कॅमेऱ्याला त्या पटकन सापडाव्यात म्हणून. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'मला घर नाही'. आदल्या दिवशी ते सगळे शर्ट मावशींनीच इस्त्री केले होते, आतली बाजू बाहेर काढून. छपाईवर गरम इस्त्री फिरवली की अक्षरं चिकटतात. "आणि सारखी वाचावीही लागत नाहीत," असं त्या म्हणाल्या होत्या.

हा मोर्चा काढला होता टीव्हीवरच्या मालिकेत आईचं काम करणाऱ्या एका नटीने. लहानथोर सगळे तिला आईसाहेबच म्हणतात. बायकांचा निवारा ज्या जुन्या गोदामात आहे ते नगरपालिकेने विकायला काढलं होतं. आईसाहेबांच्या कानावर ते गेलं, आणि त्यांनी नाव पणाला लावून नगराध्यक्षांना मोर्च्याच्या शेवटी मैदानातल्या मंचावर यायला भाग पाडलं. तिथे निवाऱ्यातल्या एकीने उभं राहून बोलायचं होतं. सगळ्या एकमेकींच्या मागे सरकल्या. मावशी म्हणाल्या, "मी बोलते. मला काय, इस्त्रीपुढे उभं राहायची सवय आहे."

मी गुरुवारी निवाऱ्यात फाटक्या चादरी शिवायला जाते. देवाने हातात सुई दिली, तेवढं तरी त्याच्या कामी यावं म्हणून. त्या चादरी मावशी आणायच्या, हॉटेलने टाकून दिलेल्या, मॅनेजरच्या मागे लागून. त्या तिथल्या धुलाईखात्यात इस्त्री करतात. त्यांचे यजमान एका शाळेचे पहारेकरी होते आणि खोली नोकरीबरोबर मिळालेली. ते गेले, खोलीही गेली. काही महिने भावाकडे काढले. "भावजय वाईट नव्हती गं, घर लहान होतं," एवढंच त्या सांगतात. मग कामावरच्या मैत्रिणीबरोबर भाड्याने राहिल्या, तर ती इमारतच पाडायला घेतली. मग गोदाम. कडक इस्त्रीच्या कपड्यात वेळेवर कामावर येणारी बाई रात्री कुठे झोपते, हे हॉटेलात कुणी कधी विचारलं नाही.

विचारलं असतं तर फक्त लेकीने. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली त्याच वर्षी हे सगळं झालं. मावशींनी तिला सांगितलं, हॉटेलने खोली दिलीय. व्हिडिओ कॉल करायच्या त्या हॉटेलातल्या चादरींच्या कोठीतून. मागे फडताळांत पांढऱ्याशुभ्र घड्या.

"आई, किती गं चादरी तुझ्याकडे! पाहुणे यायचेत का?"

"तू येशील तेव्हा लागतील," असं म्हणून मावशी वेळ मारून न्यायच्या.

लेक त्या मालिकेसाठी वेडी. आदल्या संध्याकाळी मावशींना राहवलं नाही. मोठ्या तोऱ्यात सांगून बसल्या, "उद्या मी तुझ्या आईसाहेबांबरोबर चालणार आहे!" आपण मंचावर बोलायचं म्हणजे मैदानातल्या लोकांपुढे, असंच त्या धरून चालल्या होत्या. सकाळी टीव्हीवाल्यांपैकी कानाला यंत्र लावलेल्या एका मुलीने सांगितलं, सगळं थेट टीव्हीवर दिसणार आहे. तेव्हा त्यांनी कुणाचा तरी स्वेटर मागून अंगात चढवला.

पुलाच्या मध्यावर फोन वाजला. लेकीचा निरोप. मावशींनी माझ्यापुढे धरला. 'आई, कुठे आहेस? पिवळ्या बायकांच्या मागे आहेस का? दिसत नाहीस.'

"आत्ताच सांगा तिला," मी म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं."

"मीही तेच म्हणते." त्यांनी फोन लावला. पहिल्यांदा वाजायच्या आत तोडला. दुसऱ्यांदा कानाला लावला आणि चालता चालता थांबल्याच. मागचा माणूस धडकता धडकता वाचला.

फोन विहिणींनी उचलला होता. त्यांचा आवाज मला इतक्या गर्दीतही ऐकू येत होता. "काय विहीणबाई! आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलोय तुम्हाला बघायला. सूनबाई आत गेलीय, आत्ता येईल. मोठ्या लोकांत ऊठबस तुमची, आणि आम्हाला एकदा घरी बोलवायला होत नाही? सुट्टीत येतो बरं का आम्ही, चार दिवस मुक्कामालाच!"

"या की," मावशी म्हणाल्या. "या. तुमचंच घर आहे." फोन बंद केला. "बघितलंस? एक फेडायला गेले, तर दुसरं खोटं वर चढलं."

मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

पूल उतरताना आईसाहेब स्वतः मागे आल्या. पडद्यावर दिसतात त्याहून बुटक्या, टाचेला फोड आलेला, लंगडत. स्वेटर बघितला आणि म्हणाल्या, "मावशी, थंडी वाजतेय?"

मावशींनी सांगून टाकलं. लेक, विहीण, चादरींची कोठी, सगळं. आईसाहेबांनी शेजारून चालत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मंचावर येऊ नका. मी सांगते तुमची हकिगत, नाव न घेता. मला जमेल."

"जमेल हो. तुम्ही रडता फार छान. पण नगराध्यक्ष घरी जाऊन बायकोला सांगतील, आज मालिकेचा भाग चांगला झाला."

मला वाटलं, आता त्या रागावणार. त्या खळखळून हसल्या. "खरंय," म्हणाल्या. "पण लेक तुमची आहे. मंचाच्या पायरीपर्यंत विचार करा. तोवर मी तुमचं नाव पुकारणार नाही. मान हलवलीत तरच." आणि लंगडत पुढे गेल्या.

पुढे बाजार लागला. दुकानांतून लोक फोन उंचावून फोटो काढत होते. एकदा कॅमेरावाला आमच्याकडे वळला तर मावशी माझ्या आडोशाला आल्या. पिवळ्या शर्टातली एक म्हातारी पुढे चालली होती, 'मला घर नाही' पाठीवर घेऊन, दोन्ही बाजूंना हात हलवत, जशी काही वरातीत निघालीय. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "हिची खाट माझ्या शेजारची," म्हणाल्या. "रात्री तीनदा उठून दार बघते, उघडं आहे की लावलंय. गोदाम विकलं तर ही कुठलं दार बघणार?"

मैदान आलं. ध्वनिवर्धकावरून कुणीतरी नमनालाच घडाभर तेल घालत होतं. नगराध्यक्ष खुर्चीत बसून सारखे घड्याळाकडे बघत होते. मंचाच्या पायरीशी आम्ही उभ्या राहिलो. वरून आईसाहेब मावशींकडे बघत होत्या. आईसाहेबांच्या हातात माईक होता, पण तोंड मिटलेलं. कानाला यंत्र लावलेली मुलगी त्यांना 'बोला, बोला' अशा खुणा करून दमली.

मावशींनी आणखी एकदा लेकीला फोन लावला. बराच वेळ वाजून बंद पडला.

"थांबायला सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"ते साहेब आता उठून जातील. उठलेला माणूस परत बसत नाही." त्यांनी वर बघून मान हलवली. मग गळ्यापासून एकेक बटण काढत स्वेटर उतरवला. आतला पिवळा शर्ट घामाने भिजून पाठीला चिकटला होता, अक्षरं स्पष्ट दिसत होती. एवढ्या घाईतही त्यांनी स्वेटरच्या बाह्या आत घेऊन नीट चौकोनी घडी केली, माझ्या हातावर ठेवली, आणि घडीवर फोन.

वर त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. त्या पहिल्या पायरीवर चढून परत माझ्याकडे वळल्या.

"मी वर असताना हा वाजेल. तू उचल."

"मी काय सांगू तिला?"

"खोटं सांगू नकोस, तुला जमणारही नाही. ती रडली तर रडू दे. चिडली तर ऐकून घे. विहीणबाईंनी फोन ओढून घेतला तर म्हणावं, लेकीला द्या. पण ती रोज पहिल्यांदा एकच विचारते, आई जेवलीस का. आज विचारायला सुचणार नाही तिला. तिने नाही विचारलं तरी तू सांग, आई जेवलीय. सकाळी माझ्यासमोर जेवली म्हणावं. एवढं कर माझं."